अठ्ठ्याऐंशी की एकोणनव्वद

सोमवारी सकाळी आमचा लेख छापायला जायचा होता, आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी मुंगीला लस टोचायला घेऊन गेले. मुंगी म्हणजे माझी मुलगी. जमिनीवर पडलेला प्रत्येक कण हुडकून तोंडात घालते म्हणून तिच्या बापाने हे नाव ठेवलं, आणि कागदावरचं नाव आता फक्त दवाखान्यातच बाहेर निघतं.

सोबत सासूबाई होत्या. माझ्या खांद्याच्या पिशवीत पाण्याची बाटली, तीन लंगोट, एक खुळखुळा आणि त्या लेखाची छापील प्रत. लेख मुद्दाम घेतला होता. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. तेवढ्यात शेवटची पानं वाचून होतील, असा माझा बेत.

लेखावर पहिलं नाव माझं होतं. प्रयोगशाळेत सहा वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच. पाच आठवड्यांनी समिती बसायची होती आणि मला कायम करायचं की निरोप द्यायचा, ते ती ठरवणार होती. असा एक लेख हातात असला की समिती फार खोलात शिरत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी नेमकं काय करते, ते सासूबाई शेजारणीला एका वाक्यात सांगतात: "आमची सून अंडं उकडू नये म्हणून रोज कामाला जाते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. नंतर विचार केला तर ते बऱ्यापैकी खरं निघालं. अंड्याचा पांढरा भाग म्हणजे पाण्यात विरघळलेलं प्रथिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी, आणि ती साखळी स्वतःभोवती घडी घालून एक ठरलेला आकार घेते. तापवली की घडी उसकटते, उसकटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पारदर्शक पांढरा भाग खरोखरचा पांढरा होतो. एकदा तसा झाला की परत मागे येत नाही. आमचं प्रथिन मात्र उष्ण पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जीवाणूचं आहे. ते सत्तर अंशांवर तासभर ठेवलं तरी काचेसारखं स्वच्छ राहतं. का राहतं, हा सगळा प्रश्न.

त्याचं उत्तर आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तीस वर्षांपूर्वी दिलं होतं. अमिनो आम्लं वीस प्रकारची. सगळ्यांचा कणा सारखा, बाजूला लोंबणारं शेपूट वेगळं. त्यातल्या सिस्टीनच्या शेपटाला गंधक असतं, आणि घडीत दोन सिस्टीनं समोरासमोर आली तर त्यांची गंधकं एकमेकांना धरतात. घडी घातलेल्या कापडाला टाका घालावा तसं. सरांचं म्हणणं, आमच्या प्रथिनात असा एकच टाका आहे, अठ्ठ्याऐंशीव्या आणि एकशे एकतिसाव्या जागेमध्ये, आणि त्या टाक्यामुळेच ते उष्ण झऱ्यात तगून राहतं.

मी दोन वर्षांपूर्वी तो टाका उसवायला घेतला. जनुकात एक अक्षर बदलून अठ्ठ्याऐंशीव्या जागचं सिस्टीन काढलं आणि तिथे गंधक नसलेलं दुसरं आम्ल बसवलं. ते प्रथिन बनवून तापवलं. स्वच्छच राहिलं. पुन्हा बनवलं, पुन्हा स्वच्छ. मधे मुंगी झाली, सहा महिन्यांची रजा झाली, परत आल्यावर तिसऱ्यांदा बनवलं. काहीही फरक नाही. म्हणजे टाका असला काय, नसला काय, प्रथिनाला पर्वा नाही. म्हणजे सर चुकले होते.

दुसरं कुणी असतं तर मला दारातूनच परत पाठवलं असतं. सरांनी आकडे पाहिले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की लिही. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतात. लेखाचा मसुदा वाचताना एकदाच त्यांच्या तोंडून निघालं, की तीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं म्हणायचं. मी तेव्हा खाली मान घालून पेनाच्या टोपणाची उघडझाप करत होते. खोटं कशाला बोलू, आतून मला थोडं बरंही वाटत होतं.

दवाखान्यातली खोली लहान होती. भिंतीशी पाच खुर्च्या, वजनाचा काटा, आणि एका टेबलामागे नर्सबाई. त्यांनी मुंगीचं कार्ड पुढे ओढलं आणि किती महिन्यांची, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या दहावा. त्याच क्षणी मी म्हणाले नऊ.

नर्सबाईंनी पेन थांबवलं. सासूबाई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू मला माझ्याच पोरीचं वय माहीत नाही. नऊ कसे, नववा परवाच संपला, आता दहावा लागला, असं त्या म्हणाल्या. मी म्हणाले की तेच सांगतेय, नऊ पूर्ण झाले. त्या म्हणाल्या की चालू महिना सांगायचा असतो, मूल काय मागे राहत नाही. मुंगी दरम्यान कार्डाचा कोपरा चावत होती.

"दोघींचंही बरोबर आहे," नर्सबाई कार्ड सोडवून घेत म्हणाल्या, "पण कार्डावर एकच आकडा लिहितात. आधी सांगा, मोजायला कुठून सुरुवात केली."

नऊ लिहिलं गेलं. सुई टोचली, मुंगीने आधी आश्चर्याने तोंड उघडलं, मग दोन सेकंदांनी आवाज आला. सासूबाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि ती हुंदके देत देत गप्प झाली. आम्ही भिंतीशी बसलो आणि मी लेख काढला.

शेवटच्या पानावर आमच्या प्रथिनाची सगळी साखळी छापलेली होती. प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर, दहा-दहा अक्षरांचे गट, एका ओळीत सहा गट. मी रोज पाहते ते पान. पण पाहणं म्हणजे किती पाहणं? तिथे बसल्याबसल्या नर्सबाईंचं वाक्य डोक्यात घोळत होतं आणि मी सहज अठ्ठ्याऐंशीवर बोट ठेवलं. दुसरी ओळ, तिसरा गट, आठवं अक्षर. सी. सिस्टीन. बरोबर. त्याच्या शेजारचं नववं अक्षरही सी. ते जुळं आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे; एकाला लागून एक अशी दोन सिस्टीनं, त्यातलं पहिलं टाक्यातलं, दुसरं मोकळं, असं मी धरून चालले होते.

मग मी टाक्याच्या दुसऱ्या टोकावर बोट ठेवायला गेले. एकशे एकतीस. तिसरी ओळ, दुसरा गट, पहिलं अक्षर.

जी.

जी म्हणजे ग्लायसीन. ग्लायसीनला धड शेपूटही नसतं, गंधक कुठलं. मी पुन्हा मोजलं. मग एकापासून मोजलं, बोटाने, पुटपुटत. सासूबाईंनी विचारलं की जप करतेस का. एकशे एकतिसावं जी. सी होतं त्याच्या पुढे, एकशे बत्तिसाव्या जागी.

दोन वर्षांत मी त्या टोकाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. टाका उसवायला एकच टोक कापलं की पुरतं, म्हणून मी अठ्ठ्याऐंशी धरलं आणि त्यालाच धरून बसले.

काय झालं असणार ते मला तिथेच कळलं. पेशी कुठलंही प्रथिन बांधायला घेते तेव्हा पहिलं आम्ल नेहमी मेथिओनीन असतं. शिवायला घेताना धाग्याच्या टोकाला गाठ मारतात तसं. आणि पुष्कळदा काम मार्गी लागलं की पेशी ती गाठ कापून टाकते. मी जनुकावरून मोजत होते. जनुकात गाठ आहे. सरांनी तीस वर्षांपूर्वी प्रत्यक्ष प्रथिन घेऊन त्याचं टोकापासून एकेक आम्ल सोडवत मोजलं होतं. त्यात गाठ कापलेली असणार. त्यांचं अठ्ठ्याऐंशी म्हणजे माझं एकोणनव्वद. जुळ्यातलं टाक्यातलं भावंड दुसरं होतं, आणि मी दोन वर्षं पहिल्याला बदलून टाका उसवला म्हणून सांगत होते.

मुंगीने हात पुढे करून पान पकडलं आणि नेमकी तिसरी ओळ लाळेने भिजवली. मी ते सोडवून घेतलं नाही.

अर्धा तास संपल्यावर सासूबाई तिला घेऊन घरी गेल्या आणि मी प्रयोगशाळेत गेले. आमचे तंत्रज्ञ तात्या नळ्या तापवायच्या उष्णपात्राचं पाणी बदलत होते. ते सरांच्याही आधीपासून तिथे आहेत आणि कुणालाही नीट हाक मारत नाहीत. मला जुन्या वह्यांच्या कपाटाची किल्ली हवी होती. त्यांनी विचारलं, की बाईसाहेबांना आज इतिहास का आठवला. मी काही सांगितलं नाही. मला आधी स्वतः पाहायचं होतं.

वही तपकिरी पुठ्ठ्याची होती आणि पानांना औषधाचा वास येत होता. सरांचं अक्षर तेव्हाही असंच उजवीकडे कललेलं. नळी एक: अलानीन. नळी दोन: सेरीन. माझ्या जनुकात एक नंबरला मेथिओनीन, दोनला अलानीन, तीनला सेरीन. पुढे बघायची गरज नव्हती, तरी मी बोट ठेवून अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेले. सरकलेलंच होतं, एका घराने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मी कपाटाशेजारच्या स्टुलावर बसले. एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. मी गप्प बसले तर कुणालाही कळणार नव्हतं. सरांनी मसुदा पास केला होता. छापणारे लोक आकडे जुळवून पाहतात, ते आकडे जुळतच होते. मी म्हणत होते तेच सिस्टीन मी बदललं होतं. कधीतरी आठ-दहा वर्षांनी कुणीतरी शोधून काढलं असतं, तोवर मी कायम झाले असते आणि मुंगी शाळेत जात असती. आणि सर घरी बसून विचार करत असते, की आपण आयुष्यभर चुकीचं शिकवलं.

मी वही उचलली आणि त्यांच्या खोलीत गेले.

"सर, लेख पाठवू नका."

त्यांनी चष्मा वर केला. मी भिजलेलं पान आणि वही त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली आणि एकशे एकतीस तेवढं दाखवलं. बाकीचं त्यांनी स्वतः पेन्सिलीने मोजलं. एकदा वहीत, एकदा पानावर. मग पेन्सिल आडवी ठेवली.

"म्हणजे टाका आहे तिथेच आहे."

"बहुतेक. अजून कुणी दाखवलेलं नाही."

"मग दोन वर्षं तू काय केलंस?"

"शेजारच्याला बदलत बसले."

त्यांना हसू आलं की नाही, कळलं नाही. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग समितीबद्दल बोलले. लेख नसेल तर माझ्या नावासमोर दोन वर्षांची रिकामी जागा दिसेल, आणि ती जागा भरायला आपल्याकडे एक चूक आहे, दुसरं काही नाही. हे सगळं त्यांनी माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मग वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, की त्या सुमारास माझी तब्येत बरी नव्हती, दिवस गेले होते, समितीला तसं सांगता येईल. लोक समजून घेतात.

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण माझ्या कानशिलापर्यंत काहीतरी चढलं.

"माझ्या वहीत तारीख आहे, सर. तेव्हा मुंगी पोटातही नव्हती. चूक माझ्या बाळंतपणाची नाही, माझी आहे. आणि ती मीच दुरुस्त करणार."

"पाच आठवड्यांत नाही होणार."

"चार पुरतील. पाचवा हाताशी ठेवते. घरात लहान मूल आहे."

त्यांनी मान डोलावली. परवानगी होती की हार मानली होती, मी विचारलं नाही.

तात्यांना त्या संध्याकाळी सगळं सांगावंच लागलं, कारण पुढचा महिनाभर उष्णपात्र, थंड खोली आणि तात्या, या तिघांवाचून माझं पान हलणार नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "थोडक्यात, दोन वर्षं चुकीच्या घराची बेल वाजवली." मग त्यांनी फळ्यावरचं आठवड्याचं वेळापत्रक पुसलं आणि सगळीकडे माझं नाव घातलं.

घरी सांगणं त्याहून कठीण वाटत होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने एकच विचारलं, की चुकीच्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट सापडली तर ती तशीच ठेवून घरी येतं का कुणी. सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही, आणि दवाखान्यातलं भांडण त्या अजून विसरल्या नव्हत्या. तरी त्यांनी रोज दुपारी एक वाजता मुंगीला आमच्या इमारतीत आणायचं कबूल केलं, म्हणजे तिला पाजता येईल.

मग सुरू झालं. जनुकात बदल करण्यासाठी लागणारे तुकडे चौथ्या दिवशी आले. या वेळी ते मागवण्याआधी मी साखळी तीनदा मोजली होती, एकदा जनुकावरून, एकदा सरांच्या वहीवरून, आणि एकदा उलटीकडून, शेवटापासून मागे. बदललेलं जनुक जीवाणूत घातलं, जीवाणू वाढवले, त्यांच्यातलं जनुक परत काढून वाचून घेतलं. तिसरा गट, नववं अक्षर. बदललं होतं. आठवं जागच्या जागी. त्या दिवशी जिन्याखालच्या बाकावर मुंगीला मांडीवर घेऊन मी तिला ते अक्षर दाखवलं. तिने ते खायचा प्रयत्न केला.

थंड खोलीत चार अंश असतात. प्रथिन वेगळं काढायचं तर तिथे चार-पाच तास उभं राहावं लागतं. मी नवऱ्याचं जाड जॅकेट घालून जायची; बाह्या दुमडल्या तरी बोटांपर्यंत यायच्या. दूध भरून यायचं ते मधेच जाऊन काढायचं आणि जेवणाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवायचं. बाटलीवर मी नाव लिहिलं होतं, पण दुसऱ्या दिवशी तिच्यावर तात्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी दिसली: हात लावू नये. यातही प्रथिन आहे, पण ते आपलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, मोठ्या भांड्यात जीवाणू वाढून तयार झाले त्याच सकाळी, मुंगीला ताप आला. एकोणचाळीस अंश, म्हणजे एकशे दोनच्या वर. गाल तापून लाल झाले होते आणि डोळे अर्धवट मिटलेले. तिने खुळखुळ्याकडेही पाहिलं नाही. मी तात्यांना फोन केला. त्यांनी जीवाणू गोळा करून गोठवून ठेवले आणि म्हणाले की हे आठवडाभर थांबतात, तू फोन ठेव.

दोन दिवस मी तिच्याजवळून हलले नाही. डॉक्टरांनी साधा ताप म्हणून सांगितलं होतं, पण माझ्यासारखीच्या डोक्यात नको ती माहिती असते. माणसाच्या शरीरातली प्रथिनं झऱ्यातली नसतात. त्यांना सदतीस अंशांची सवय असते. त्यांच्या घड्या लहान लहान ओढींवर धरलेल्या असतात, त्यातली एकेक ओढ इतकी कमकुवत की तिच्यावर कुणी भिस्त ठेवू नये, आणि तरी सगळ्या मिळून हे एवढं मूल उभं धरतात. ओल्या फडक्याने तिच्या मांड्या पुसताना मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना सांगत होते, की बायांनो, धरून ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी अडतीसच्या खाली आला आणि तिने सासूबाईंचा चष्मा ओढला. सासूबाईंनी चष्मा तिच्या हातातच राहू दिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"आता तू जा. ही माझ्यापाशी आहे. तुझं ते अंडं बघ."

नवऱ्याने रजा टाकली होती. मी जिन्यावर पोचल्यावर परत फिरले आणि दारातून पुन्हा एकदा पाहिलं. मग गेले.

चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता माझ्यासमोर चार लहान नळ्या होत्या. पहिलीत मूळ प्रथिन. दुसरीत माझं दोन वर्षांचं, आठवं अक्षर बदललेलं. तिसरीत नवं, नववं अक्षर बदललेलं. चौथीत नुसतं ज्यात ते विरघळवतात ते पाणी. उष्णपात्र सत्तरवर लावलं होतं. चारही नळ्या डोळ्यांसमोर धरल्या तर सारख्याच, एकीतूनही पलीकडची खिडकी धूसर दिसत नव्हती.

तात्यांनी झाकण उघडलं. सर आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. मी नळ्या पाण्यात सोडल्या आणि घड्याळाचं बटण दाबलं.

एक मिनिट. दोन. पाचव्या मिनिटाला मी तिसरी नळी उचलून उजेडात धरली. स्वच्छ. परत ठेवली. आता जे असेल ते असेल, मला ते बघायचंच होतं. टाका नसतानाही हे तगत असेल, तर सर खरोखरच चुकलेले आणि तेही मी आता नीट दाखवलेलं. काही झालं तरी या वेळी बेल बरोबर घराची होती.

आठव्या मिनिटाला तात्या म्हणाले, "थांब जरा."

तिसऱ्या नळीत, तळाशी नाही, मधोमध, धुकं धरलं होतं. पाहता पाहता ते दाट झालं. नवव्या मिनिटाला पलीकडची खिडकी दिसेनाशी झाली. दहाव्याला नळी पांढरी, पूर्ण पांढरी, दुधासारखी. बाकीच्या तिन्ही होत्या तशाच.

मी ती बाहेर काढून सरांच्या हातात दिली. गरम होती, तरी त्यांनी ती फडक्याशिवाय घेतली आणि बराच वेळ या हातातून त्या हातात करत राहिले. तीस वर्षांपूर्वी त्यांनी फक्त मोजलं होतं आणि तर्क बांधला होता. डोळ्यांनी त्यांनी ते आज पाहिलं.

"लेख नव्याने लिही," ते म्हणाले. "पहिल्याच पानावर, कुठून मोजलं ते. माझे आकडे आणि तुझे आकडे, दोन्ही."

"आणि दोन वर्षांची चूक?"

"ती तुझी आहे म्हणालीस ना? मग तूच लिही."

मी लिहिली. एका वाक्यात मावली, आणि ते वाक्य लिहायला सबंध दुपार गेली.

पण लेख त्या आठवड्यात छापून होणं शक्यच नव्हतं. समितीपुढे मी दोन नळ्या आणि एक भिजून वाळलेलं पान घेऊन गेले. लांब टेबल, पाच माणसं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, की दोन वर्षांत छापलेलं काहीच नाही का. मी नाही म्हणाले. मग नळ्या टेबलावर ठेवल्या आणि काय घडलं ते सुरुवातीपासून सांगितलं, एकही पायरी न गाळता, एकशे एकतिसाव्या जागच्या ग्लायसीनसकट. एकाने कपाळावर हात मारला; त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की हे त्याच्याही हातून कधीतरी झालं असावं. सर माझ्या बाजूने चार शब्द बोलतील असं वाटलं होतं. ते बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. मला ते पटलं.

कायम केलं नाही. एक वर्ष वाढवून दिलं; वर्षाने पुन्हा बघू म्हणाले. बाहेर आल्यावर तात्यांनी विचारलं, की पेढे की रुमाल. मी म्हणाले की दोन्ही नको, सोमवारी थंड खोली राखून ठेवा.

घरी पोचले तेव्हा मुंगी सासूबाईंच्या पायाशी टेबलाचा पाय धरून उभी होती, पडायच्या बेतात आणि स्वतःवर खूश. मी तिला उचललं आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. वर्षभर म्हटल्यावर त्या बोटं मोजायला लागल्या, तोवर ही चालेल, बोलेल. मी पिशवीतून दोन्ही नळ्या काढल्या. त्यांनी चष्मा पुसून घातला आणि एकेक उजेडात धरली.

"हे उकडलं, आणि हे नाही."

"हो."

"आणि तू केलंस ते कुठलं?"

"जे उकडलं ते."

सासूबाईंनी पांढरी नळी पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी शेजारणीला उलटंच सांगत होते." आणि नळी परत देताना त्यांना हसू आवरेना. मलाही.

लसीच्या कार्डावर पुढची तारीख होती. ते भिंतीला अडकवताना मी त्यांना म्हणाले की आता अकरावा लागला. त्या म्हणाल्या, दहा पूर्ण.

सोमवारी मी टाक्याच्या दुसऱ्या टोकाला हात घालतेय. ते बदलल्यावरही नळी पांढरी झाली पाहिजे, तरच टाका पक्का म्हणायचा. एकशे बत्तीस, माझ्या मोजणीने. सरांच्या मोजणीने एकशे एकतीस. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या ओळीवर लिहून ठेवलेत, आणि त्याखाली, कुठून मोजलं ते.